पायाला भिंगरी

गेल्या श्रावणात आमच्या कॉलेजची दहा-बारा मुले राजगडावर गेली. मीही त्यांच्यात होतो. इतरांनी पाठीवरच्या पिशव्यांत भाकऱ्या, ठेचा, कांदे आणि कोरडे कपडे भरले होते. मी जलरंगांची पेटी, चार ब्रश आणि चांगल्या जाड कागदाचे आठ तुकडे घेतले होते. डोंगरावर जावे, निसर्गासमोर बसावे, प्रेरणा यावी आणि चित्र घेऊन खाली उतरावे, इतका सरळ हिशेब होता. गुंजवण्याच्या बाजूने चढून चोर दरवाज्यापाशी पोचेपर्यंत छातीचा भाता झाला. पद्मावती माचीवर पाय ठेवला आणि धुके असे उतरले की, पुढे चालणाऱ्या मुलाची पिशवीसुद्धा दिसेना. मधूनच ते फाटे, बालेकिल्ल्याचा काळा कातळ क्षणभर समोर उभा राही आणि मी ब्रश पाण्यात बुडवीपर्यंत पुन्हा नाहीसा होई. कागदावर लावलेला रंग वाळण्याचे नाव घेत नव्हता. संध्याकाळपर्यंत सहा कागद वाया गेले. त्यांतल्या एकाला मित्रांनी पालकाच्या भाजीची उपमा दिली आणि, खोटे कशाला बोलू, ती योग्यच होती.

परत आल्यावर ते कागद मी आमच्या सरांपुढे ठेवले. निसर्ग मला काही देत नाही, मी या वाटेला जाऊच नये, असे काहीबाही बरळलोही. सरांनी वाद घातला नाही. ग्रंथालयातून त्यांनी टर्नरच्या चित्रवह्यांवरचे एक जाडजूड पुस्तक काढून माझ्या हातात ठेवले आणि ते तासाला निघून गेले. टर्नर म्हणजे पेटलेले आकाश, वितळलेला सूर्य, समुद्रातले वादळ, एवढे मला ठाऊक होते. म्हणून मोठ्या आशेने पुस्तक उघडले. आत पाहतो तो काय, पानामागून पान नुसत्या शिसपेन्सिलीच्या रेघा! एक डोंगर तीन रेघांत, एक पूल दोन रेघांत, एक गाव म्हणजे पाच-सात चौकोन. रंगाचा टिपूस नाही. हे पाहून मला प्रथम राग आला, मग कुतूहल वाटले, आणि पुढचे दोन महिने मी या माणसाच्या मागे लागलो. त्यात जे हाती आले ते इथे सांगतो. टर्नरचा उल्लेख मी एकेरी करणार आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी वारलेल्या थोर माणसाला अरे-तुरे करणे बरे नव्हे, हे मला कळते. पण इतके दिवस ज्याच्याबरोबर मनाने पायपीट केली त्याला अहो-जाहो करवत नाही.

जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नरचा जन्म १७७५ साली लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनजवळच्या मेडन लेन नावाच्या अरुंद गल्लीत झाला. बाप न्हावी होता. केस कापणे, दाढ्या करणे आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे केसांचे टोप तयार करणे हा त्याचा धंदा. पोराचा हात चित्रात चालतो हे बापाच्या लवकर ध्यानात आले. त्याने पोराची चित्रे दुकानाच्या खिडकीत टांगली आणि एक ते तीन शिलिंगांना विकायला सुरुवात केली. दाढीला आलेल्या गिऱ्हाइकाला तो अभिमानाने सांगे की, आपला मुलगा चित्रकार होणार. बापाची ही श्रद्धा शेवटपर्यंत टिकली.

घराची दुसरी बाजू मात्र काळीकुट्ट होती. धाकटी बहीण लहानपणीच गेली. आईच्या संतापाला आवर राहिला नाही. तिचे मन ताळ्यावर राहीना. मुलाला दहाव्या वर्षी ब्रेंटफर्डला मामाकडे धाडले गेले. पुढे १८०० साली आईला लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले आणि १८०४ साली ती वारली. टर्नर तिच्याविषयी जवळजवळ कधीच बोलला नाही. त्याची चरित्रे वाचताना मला सारखे वाटत राहिले की, हा मुलगा घराबाहेर पडला तो केवळ चित्रांच्या ओढीने नव्हे. घरात बसवत नव्हते म्हणूनही तो चालू लागला असेल. याला पुरावा काही नाही, हा माझा तर्क आहे.

चौदाव्या वर्षी, १७८९ साली, तो रॉयल अकॅडमीच्या शाळेत दाखल झाला आणि पुढल्याच वर्षी त्याचे जलरंगातले चित्र अकॅडमीच्या प्रदर्शनात लागले. १७९१ साली तो ब्रिस्टलला बापाच्या स्नेह्यांकडे राहायला गेला. तिथे एव्हन नदीने खोल कापलेली दरी आहे. हा सोळा वर्षांचा पाहुणा दिवसभर त्या दरीच्या कड्यांवर चढलेला असे आणि घरी फक्त जेवायला येई. त्या घरच्या मंडळींनी त्याचे नावच खडकांचा राजपुत्र असे ठेवले. पुढल्या वर्षी तो वेल्सच्या डोंगरांत गेला. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात तो कुठे ना कुठे निघालेलाच असे. हिवाळा लंडनमध्ये चित्रशाळेत, उन्हाळा वाटेवर, असा त्याचा परिपाठ पुढे पन्नास वर्षे चालला.

या काळातली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. लंडनमध्ये डॉक्टर थॉमस मन्रो नावाचे एक रसिक गृहस्थ राहत. तरुण चित्रकारांना ते संध्याकाळी घरी बोलावीत, आपल्या संग्रहातल्या चित्रांच्या नकला करायला लावीत आणि मोबदला म्हणून थोडे पैसे आणि रात्रीचे जेवण देत. टर्नर आणि त्याचाच समवयस्क टॉमस गर्टिन हे दोघे तिथे जात. गर्टिन रेषा काढी आणि टर्नर त्यात रंग भरी. ज्यांच्या नकला चालत त्यांत कोझेन्स नावाच्या चित्रकाराने आल्प्समध्ये केलेली रेखाटने पुष्कळ होती. म्हणजे न पाहिलेल्या पर्वतांवर, दुसऱ्याने काढलेल्या रेषांत, मेणबत्तीच्या उजेडात हा पोरगा ऊन आणि सावली भरीत होता. रेषा एकीकडची आणि रंग दुसरीकडचा, ही सवय त्याला तेव्हाच लागली असावी. आणि योगायोग असा की, हे मन्रो बेथलेम इस्पितळाचेच डॉक्टर होते. पुढे टर्नरच्या आईला तिथे प्रवेश मिळाला त्यात या ओळखीचा भाग होता.

१७९७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, टर्नर इंग्लंडच्या उत्तरेकडे निघाला. यॉर्कशायर, डरम, नॉर्थंबरलंड, तिथून स्कॉटलंडच्या सीमेवरची ट्वीड नदी आणि परतताना सरोवरांचा डोंगराळ मुलूख, अशी ती फेरी होती. मिळेल तिथे टपालगाडी, नाही तिथे पाय. त्याचे जुने चरित्रकार सांगतात की, तो दिवसाला वीस-पंचवीस मैल, म्हणजे चाळीस किलोमीटरपर्यंत सहज चाले. सामान एका रुमालात बांधून काठीच्या टोकाला अडकवलेले. ठेंगणा, बळकट बांधा, मोठे नाक, तांबूस चेहरा आणि बारीक चमकदार डोळे. पाहणाऱ्याला हा एखाद्या बोटीवरचा खलाशी वाटावा. जेवणाखाणाचे चोचले नव्हते. खानावळीत जे पुढे येईल ते खाई आणि पहाटे सर्वांच्या आधी उठून चालू लागे.

ट्वीडच्या काठी नॉरम नावाचा एक पडका किल्ला आहे. एका उंचवट्यावर त्याचा चौकोनी बुरूज उभा, खाली नदी. टर्नरने तो पाहिला, वहीत पेन्सिलीने उतरवला आणि तो पुढे गेला. लंडनला परतल्यावर त्यावरून त्याने जलरंगात चित्र केले, किल्ल्यामागून सूर्य वर येतो आहे असे, आणि १७९८ च्या प्रदर्शनात ते लावले. चित्र गाजले, मागण्या येऊ लागल्या. पुढल्याच वर्षी तो अकॅडमीचा सहसभासद झाला आणि १८०२ साली, सत्ताविसाव्या वर्षी, पूर्ण सभासद. या नॉरमकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे, म्हणून वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

आता त्या पेन्सिलीच्या रेघांविषयी. टर्नर वाटेवर क्वचितच रंगवीत असे. १८१९ साली तो नेपल्सला गेला असता कुणीतरी त्याला याचे कारण विचारले. त्याचे उत्तर व्यवहारी होते. उघड्यावर बसून एक रंगीत चित्र करायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पेन्सिलीची पंधरा-सोळा रेखाटने होतात, मग रंगात वेळ का घालवावा? खिशात मावेल एवढी वही, एक पेन्सिल आणि न थांबणारे पाय. डोंगराची कड कुठे वळते, घराचे छप्पर पुलाच्या किती वर आहे, नदी कुठून शिरते आणि कुठे दिसेनाशी होते, एवढेच तो टिपून घेई. कधी आभाळाच्या जागी रंगाचे नाव अक्षरांत लिहून ठेवी. बाकीचे सारे, म्हणजे ऊन, धुके, वारा, ओल, तो डोक्यात घालून घरी नेई. कित्येकदा ते तिथे वर्षानुवर्षे राही. वह्या मात्र तो जिवापाड जपे. त्यांच्या पाठींवर नावे घालून, क्रमांक देऊन त्याने त्या लावून ठेवल्या होत्या. अशा सुमारे ३०० वह्या त्याच्या मागे राहिल्या.

याला अपवाद आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. १८०५ च्या सुमारास त्याने थेम्स नदीवर होडीत बसून तैलरंगात अभ्यासचित्रे केली. १८१३ साली डेव्हनमध्ये एका स्थानिक चित्रकाराने त्याला प्रवासी रंगपेटी दिली तेव्हाही त्याने उघड्यावर रंगवले. म्हणजे जमत नव्हते म्हणून तो टाळत होता, असे नव्हे. त्याला घाई होती. पुढच्या वळणापलीकडे काय आहे, ते त्याला पाहायचे असे.

हे वाचल्यावर मी दोन रविवार गावाबाहेरच्या टेकडीवर वही-पेन्सिल घेऊन गेलो. पंधरा सोडाच, चार रेखाटनांत थकलो. रेघ मारण्याआधी काय सोडायचे ते ठरवावे लागते, हे तेव्हा कळले. रंगाच्या आडोशाला ही चुकवाचुकव चालते. पेन्सिलीत ती चालत नाही.

१८०२ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात तह झाला. इतकी वर्षे बंद असलेली युरोपची वाट मोकळी झाली आणि टर्नर पहिल्याच उन्हाळ्यात खाडीपलीकडे गेला. या वेळी काही धनिक रसिकांनी त्याच्या खर्चाची तजवीज केली होती. एक सोबती होता, पॅरिसमध्ये विकत घेतलेली एक हलकी घोडागाडी होती. पण गाडी जिथवर जाईल तिथवरच. पुढे मॉं ब्लांच्या हिमनद्या, ग्रेट सेंट बर्नार्डची खिंड, रायशेनबाखचा धबधबा, सेंट गॉटहार्डचा घाट हे सारे खेचरांवरून आणि पायांनीच पाहावे लागले. ज्या पर्वतांवर त्याने मेणबत्तीच्या उजेडात रंग चढवले होते ते आता प्रत्यक्ष समोर उभे होते. या एका फेरीत त्याने ४०० हून अधिक रेखाटने केली.

सेंट गॉटहार्डच्या घाटात रॉइस नदीने कातळ उभा चिरला आहे. त्या काळी तिथे कड्याच्या अंगाला खोदलेली अरुंद वाट होती आणि दरीवर सैतानाचा पूल म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल. टर्नरने त्यावरून जे चित्र केले त्यात पाहणारा त्या वाटेवरच उभा असतो. डावीउजवीकडे कातळ, खाली दरीचा तळ दिसत नाही, वर आभाळाची जेमतेम एक पट्टी. चित्र उभे आणि चिंचोळे आहे. छापील प्रत पाहतानासुद्धा माझे पाऊल आपोआप मागे आले. ज्याने ती वाट स्वतः तुडवली नाही त्याला ही चौकट सुचली नसती, असे मला वाटते. समोर बसून पाहिलेला डोंगर आणि अंगावर आलेला डोंगर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१८०३ साली पुन्हा युद्ध पेटले आणि युरोपची वाट बंद झाली ती बहुतेक १८१५ पर्यंत. पण आल्प्स वह्यांत आणि डोक्यात होते. यॉर्कशायरमध्ये फार्न्ली हॉल येथे वॉल्टर फॉक्स हे त्याचे स्नेही आणि आश्रयदाते राहत. तिथे तो घरच्यासारखा जाई. १८१० सालची गोष्ट. समोरच्या टेकड्यांवर मोठे वादळ उठले, विजा लखलखू लागल्या. टर्नर दारात उभा राहून एका पत्राच्या पाठीवर भराभरा रेघा ओढू लागला. फॉक्सच्या मुलाला, हॉक्सवर्थला, त्याने हाक मारून ते वादळ दाखवले. मुलाने चांगली वही आणू का म्हणून विचारले, तर हेच ठीक आहे असे उत्तर मिळाले. वादळ ओसरल्यावर टर्नर त्याला म्हणाला की, दोन वर्षांनी हे तुला पुन्हा दिसेल आणि त्याचे नाव असेल हॅनिबलचे आल्प्स-उल्लंघन. १८१२ च्या प्रदर्शनात ते चित्र खरोखरच त्याच नावाने लागले. वादळ यॉर्कशायरचे, पर्वत दहा वर्षांपूर्वीचे आणि सेनापती दोन हजार वर्षांपूर्वीचा! गंमत म्हणजे ज्याच्या नावाचे चित्र तो हॅनिबल त्यात शोधावा लागतो. दूर क्षितिजाजवळ एक इवलासा हत्ती दिसतो, तेवढाच. बाकी सारा कॅनव्हास काळ्या वावटळीने भरलेला आहे. ही गोष्ट हॉक्सवर्थने मोठेपणी सांगितली. सांगताना थोडे मीठ-मसाला लागला असेल, पण पत्राच्या पाठीवरच्या रेघा आणि दोन वर्षांचा धीर हे दोन्ही टर्नरच्या एकंदर रीतीला शोभणारे आहे.

१८१६ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा यॉर्कशायरमध्ये होता. एका मोठ्या स्थलवर्णनपर ग्रंथासाठी त्याला चित्रे करायची होती. त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता आणि त्याची धूळ वातावरणात पसरून युरोपात थंडी-पावसाने कहर केला होता. हे कारण त्या वेळी कुणाला माहीत नव्हते. टर्नरला एवढेच दिसत होते की, पाऊस थांबत नाही. तरीही तो घोड्यावरून, चिखलातून, ओढे ओलांडत शेकडो मैल फिरला आणि वह्या भरत राहिला. माझ्या राजगडच्या सहा कागदांची मला इथे पुन्हा आठवण झाली. पाऊस त्यालाही होता. फक्त त्याच्या वहीत वाळण्यासारखे काही नव्हते.

युद्ध संपल्यावर १८१७ साली तो वॉटर्लूची रणभूमी पाहून ऱ्हाइन नदीच्या काठाकाठाने चालत गेला. या फेरीत त्याची पिशवी हरवली. हरवलेल्या वस्तूंची यादी त्याने वहीत करून ठेवली आहे. तीत सदरे आहेत, गळपट्टे आहेत, वस्तरा आहे, अर्धा डझन पेन्सिली आहेत आणि एक रंगपेटीही आहे. मोठ्या माणसाची ही यादी वाचून मला फार आनंद झाला. तो तसाच पुढे गेला आणि त्या फेरीवरून केलेली पन्नासेक चित्रे फॉक्सने ५०० पौंडांना घेतली.

इटलीहून परततानाचे त्याचे दोन प्रवास तर एखाद्या कादंबरीत शोभावेत. १८२० च्या जानेवारीत मॉं सेनीच्या घाटात त्याची गाडी माथ्याजवळ उलटली. दारे गोठलेली, म्हणून खिडकीतून बाहेर पडावे लागले. गाडीवाले आपसांत भांडत बसले आणि प्रवासी गुडघाभर बर्फातून चालत खाली उतरले. १८२९ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या तारार डोंगरावर गाडी बर्फात रुतली. ती उकरून काढीपर्यंत सारे प्रवासी शेकोटीभोवती तीन तास बसून होते. टर्नर तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होता. दोन्ही प्रसंगांची त्याने चित्रे केली. दुसऱ्या चित्रात शेकोटीपाशी आपल्याकडे पाठ करून बसलेला, उंच टोपीतला माणूस तो स्वतः आहे असे मानतात.

माणूस म्हणून टर्नर गोड नव्हता. पैशाला चिकट, बोलायला तुटक, कामाच्या वेळी कुणी मागे उभे राहिलेले त्याला खपत नसे. लग्न त्याने केले नाही. अकॅडमीत तो यथार्थदर्शनाचा, म्हणजे पर्स्पेक्टिव्हचा, प्राध्यापक होता. १८११ पासून त्याने व्याख्याने दिली, पण ती इतकी पुटपुटत की पहिल्या रांगेलाही नीट ऐकू येऊ नये. अकॅडमीचे ग्रंथपाल स्टॉथर्ड हे चांगलेच बहिरे. ते मात्र प्रत्येक व्याख्यानाला हजर. कुणी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, टर्नरच्या व्याख्यानात ऐकण्यासारखे नसले तरी पाहण्यासारखे पुष्कळ असते. आकृत्या तो अप्रतिम काढी. आमच्या प्राध्यापकवर्गाने ही गोष्ट मनावर घेऊ नये.

त्याने मनापासून जीव लावला असा माणूस म्हणजे त्याचा बाप. दुकान बंद करून म्हातारा मुलाकडे राहायला आला आणि त्याचा सहायक बनला. कॅनव्हास ताणून देणे आणि शेवटी व्हार्निश लावणे ही कामे त्याची. त्यामुळे आपल्या चित्राचा आरंभही बापच करतो आणि शेवटही, असे टर्नर गमतीने म्हणे. १८२९ साली बाप गेला आणि टर्नर खचला. मित्रांनी लिहून ठेवले आहे की, त्यानंतर तो पहिल्यासारखा कधी झाला नाही.

तरी पाय थांबले नाहीत. १८४१ ते १८४४ असे चार उन्हाळे तो स्वित्झर्लंडला गेला. वय सहासष्टच्या पुढे. आता कडे चढणे होत नव्हते. लुसर्नच्या सरोवराकाठी एका खानावळीत तो उतरे. खिडकीतून पाण्यापलीकडे रिगी नावाचा पर्वत दिसे. उंची सुमारे १,८०० मीटर, आल्प्सच्या मानाने लहानच. ज्याने सेंट गॉटहार्ड पाहिला त्याने या टेकाडाकडे ढुंकून का पाहावे? पण म्हातारा पहाटे उठून खिडकीशी बसे. उजाडण्यापूर्वीचा रिगी, सूर्य नुकताच मागून येत असतानाचा रिगी, संध्याकाळी लालभडक झालेला रिगी. डोंगर जागचा हलत नव्हता आणि आता पाहणाराही हलत नव्हता. तेव्हा चालणे उरले ते उजेडाचे. या अभ्यासचित्रांत मात्र त्याने रंग वापरला, पातळ, ओला, कागद अर्धा कोराच ठेवून.

१८४२ साली त्याने अशी पंधरा नमुनाचित्रे आपल्या दलालाकडे नेली. त्यांवरून दहा पूर्ण चित्रे करून देण्याची त्याची तयारी होती. दलालाने गिऱ्हाइके गोळा करण्याची शर्थ केली, पण मागणी आली नवांचीच. लोकांना जुना टर्नर हवा होता. हा नवा धूसर टर्नर त्यांना कळेना. वर्तमानपत्रे तर कित्येक वर्षे त्याच्या चित्रांना स्वयंपाकघरातल्या पदार्थांची नावे देत होती. माझ्या मित्रांची पालकाची भाजी काही नवी नव्हती म्हणायची! त्या चित्रांतला पहाटेचा निळा रिगी २००७ साली लंडनच्या टेट संग्रहालयाने जवळजवळ पन्नास लाख पौंड उभे करून ठेवून घेतला. त्यासाठी सामान्य लोकांनीही वर्गणी दिली.

१८४५ नंतर तो देशाबाहेर गेला नाही. शेवटची वर्षे त्याने थेम्सच्या काठी चेल्सीत, सोफिया बूथ नावाच्या विधवेच्या लहानशा घरात, नाव बदलून काढली. शेजारीपाजारी त्याला जहाजावरचा निवृत्त ॲडमिरल समजत. १९ डिसेंबर १८५१ रोजी तो तिथेच वारला. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याला पुरले. त्याच्याकडची चित्रे राष्ट्राला मिळाली, सुमारे ३०० तैलचित्रे आणि कागदावरची सुमारे ३०,००० कामे. वह्यांनी भरलेल्या पत्र्याच्या पेट्या रस्किनने १८५७ साली नॅशनल गॅलरीच्या तळघरात बसून उघडल्या, तेव्हा धूळ, कीड आणि उंदीर यांनी आपले काम आधीच सुरू केले होते. हे वाचताना जीव हळहळतो.

आता नॉरम. १७९७ मध्ये पेन्सिलीने टिपलेल्या त्या किल्ल्याकडे टर्नर पुन्हा पुन्हा वळला. १८१६ साली त्याची छापील प्रत निघाली, १८२० नंतर नद्यांच्या एका चित्रमालेसाठी त्याने तो जलरंगात पुन्हा केला. १८३१ साली तो स्कॉटलंडहून परतत होता. बरोबर एडिंबरचा प्रकाशक कॅडेल होता. नॉरम दिसू लागताच टर्नरने टोपी काढली आणि किल्ल्याला वाकून नमस्कार केला. कॅडेल चकित झाला. तेव्हा टर्नरने सांगितले की, हा किल्ला रंगवल्यापासून आपल्या हाताला कधी कामाची वाण पडली नाही. व्यवहारी माणसाचा नमस्कारही व्यवहारीच. पण टोपी काढली खरी.

त्याच्या मरणानंतर चित्रशाळेत जे अर्धवट कॅनव्हास सापडले त्यांत एक नॉरमचा होता. तो १८४५ च्या सुमाराचा मानतात, म्हणजे पेन्सिलीच्या त्या रेखाटनानंतर अठ्ठेचाळीस वर्षांचा. पुष्कळ वर्षे ते चित्र कुणी बाहेर काढले नाही. १९०६ साली ते प्रथम लोकांना दाखवले गेले. सरांनी दिलेल्या पुस्तकात जुने रेखाटन आणि हे चित्र दोन्ही आहेत. मधली शंभरेक पाने एका हाताने धरून मी ती दोन पाने आळीपाळीने कितीदा तरी पाहिली. रेखाटनात बुरुजाची प्रत्येक कड आहे. चित्रात बुरूज म्हणजे निळसर धुक्याचा एक डाग. नदी कुठे संपते आणि काठ कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. वर पिवळा सूर्य, खाली पाण्यात त्याचाच पिवळा रंग. उथळ पाण्यात तांबड्या-तपकिरी रंगाची एक गाय उभी आहे आणि तिची सावली पाण्यात पडली आहे.